सावित्री, गुडघा आणि नऊ महिने

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

मागच्या महिन्यात एका गावच्या बचत गटात गेले होते. हिशेब झाला, चहा झाला आणि उठता उठता एक मावशी म्हणाल्या, "ताई, माझ्या पोरीचा गुडघा कबड्डीत गेला. ऑपरेशन झालं, टाके निघाले, आता चांगली चालतेय. तरी डॉक्टर म्हणतात, नऊ महिने मैदानात पाय ठेवायचा नाही. बाळंतपणाएवढे दिवस लागतात का गुडघ्याला?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न बरोबर होता, आणि दारात उभं राहून उत्तर देण्यासारखा नव्हता. म्हणून आज त्यावर बोलते. मी डॉक्टर नाही. शाळेतल्या मुलींना कबड्डी शिकवते, आणि माझा स्वतःचा उजवा गुडघा या सगळ्यातून गेलेला आहे.

आधी गुडघा समजून घेऊ. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं हाड, पुढे वाटी. ही हाडं एकमेकांवर नुसती टेकलेली असतात. त्यांना जागेवर धरून ठेवतात ते चिवट पट्टे, म्हणजे लिगामेंट. गुडघ्यात मुख्य चार. दोन दोन्ही बाजूंना, आणि दोन आत, कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवरून गेलेले. आतल्या दोघांपैकी पुढच्याला डॉक्टर एसीएल म्हणतात. नडगी पुढे घसरू द्यायची नाही आणि वळताना गुडघा पिरगळू द्यायचा नाही, हे त्याचं काम. सरळ चालताना त्याच्यावर फारसा भार येत नाही. पण चढाई करून आलेली मुलगी मध्यरेषेकडे झपकन वळते, खो-खोतली मुलगी खांबाला वळसा घेते, उडी मारून एका पायावर उतरते, तेव्हा सगळा ताण त्याच्यावर असतो. पाय जमिनीत रुतलेला, अंग मात्र वळलेलं, असं झालं की तो तुटतो. पुष्कळदा कुणाचा धक्कासुद्धा लागलेला नसतो. आतून 'कट्' असा आवाज येतो, दोन-चार तासांत गुडघा भोपळ्यासारखा सुजतो, आणि सूज उतरल्यावरही चालताना तो मधेच निसटल्यासारखा वाटतो. या तीन खुणा आया-मावश्यांनी लक्षात ठेवाव्यात. साध्या एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही. "एक्स-रे चांगला आला, काही झालेलं नाही," असं म्हणून पोरीला पुन्हा मैदानात पाठवतात, तिथे नुकसान वाढतं. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा हाताने तपासावा लागतो, आणि गरज वाटली तर ते एमआरआय सांगतात.

ताज्या दुखापतीवर गरम तेलाने चोळायचं नाही आणि कुणाकडून पाय ओढून घ्यायचा नाही. आपल्याकडे हे फार होतं, म्हणून मुद्दाम सांगते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच, आणि दवाखाना.

तुटलेला प्रत्येक पट्टा ऑपरेशन मागतो असंही नाही. ज्या बाईला मैदानावर वळायचं-उडायचं नाही, तिचं मांडीच्या व्यायामावर पुष्कळदा निभतं. खेळायचं असेल, किंवा गुडघा सारखा निसटत असेल, तर ऑपरेशनचा विचार होतो. त्यात तुटलेली दोन टोकं शिवत बसत नाहीत. आपल्याच मांडीच्या मागच्या किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायूबंधाचा तुकडा घेतात, दोन्ही हाडांत भोकं पाडून त्यातून ओवतात आणि पक्का करतात.

आता नऊ महिन्यांचं कारण. ओवलेला तुकडा म्हणजे अजून लिगामेंट नव्हे. जुन्या जागेवरून काढला तेव्हा त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. भाताची लावणी केली की रोप आधी पिवळं पडतं, मान टाकतं, मग नव्या मातीत मूळ धरतं, तसंच हे. पहिल्या काही आठवड्यांत तो तुकडा बळकट होण्याऐवजी कच्चा होत जातो. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात तो सगळ्यात नाजूक असतो. मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नवे तंतू तयार होतात आणि महिन्या-महिन्याने तो लिगामेंटसारखा होत जातो. खरी गंमत, गंमत कसली, खरा धोका इथे आहे. दोन महिने झाले की सूज गेलेली असते, दुखणं थांबलेलं असतं, मुलगी लंगडत नाही. बाहेरून सगळं ठीक आणि आतून सगळ्यात कच्चं, ही वेळ एकच असते. म्हणून "मला आता बरं वाटतंय" हे गुडघ्याच्या बाबतीत मोजमाप नाही. २०१६ साली नॉर्वेच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका लांबवावा तितकी, दर महिन्याला जवळपास निम्म्याने, पुन्हा दुखापत होण्याची शक्यता कमी होते. मावशींच्या डॉक्टरांनी नऊ हा आकडा हवेतून काढलेला नाही.

हे सगळं मला फिजिओथेरपिस्ट ताईंनी समजावलं होतं. समजलंही होतं. पण समजणं वेगळं आणि नऊ महिने काढणं वेगळं.

माझं ऑपरेशन माघात झालं. वय वीस. जिल्ह्याच्या निवड चाचणीत चढाई करून वळताना गुडघा गेला. पहिले दोन आठवडे माझा व्यायाम काय होता सांगू? गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, मांडी आवळून ती खाली दाबायची आणि पाच आकडे मोजायचे. बस. दिवसातून पुष्कळ वेळा. जी मुलगी पकडीत दोघींना ओढत मध्यरेषेपर्यंत आणायची, तिला आता टॉवेल दाबता येत नव्हता. डोकं हुकूम देतं, मांडी ऐकतच नाही. या दुखापतीनंतर मांडीचा पुढचा स्नायू झोपी गेल्यासारखा होतो आणि थोड्याच दिवसांत चक्क बारीक होतो. टेपने मोजला तर कळतो. घरात येणारं-जाणारं माणूस म्हणायचं, "सुटला एकदाचा खेळ. आता एखादं स्थळ बघा." आणि हळूच, मला ऐकू येईल इतकं हळूच, "लंगडी राहायला नको म्हणजे मिळवली."

घरात आजी होती. मोतीबिंदूमुळे तिला वाचता येईना. मला जमिनीवर बसता येईना, म्हणून तिच्या खाटेशेजारी खुर्ची टाकून मी बसायची आणि तिला वाचून दाखवायची. गावच्या वाचनालयातून महाभारताच्या मराठी भाषांतराचे खंड एकेक करून येत. वनपर्व चालू होतं. त्यात सावित्रीची गोष्ट आली.

सावित्री कुणाला माहीत नाही! ज्येष्ठी पौर्णिमा, वड, सूत, सात जन्म. मलाही एवढंच माहीत होतं. पण महाभारतातल्या या गोष्टीत वडाला फेऱ्या नाहीत, सूत नाही. पांडव वनवासात असताना युधिष्ठिर मार्कंडेय ऋषींना विचारतो, द्रौपदीसारखी दुसरी कोणी झाली का? तेव्हा ऋषी ही गोष्ट सांगतात. मद्र देशाच्या राजाची ही मुलगी. तिचं तेज बघून कोणी मागणी घालायला धजत नाही, तेव्हा बाप तिलाच सांगतो, तूच शोध. ती रथात बसून, म्हाताऱ्या मंत्र्यांना बरोबर घेऊन निघते आणि रानात राहणाऱ्या, राज्य गेलेल्या, आंधळ्या राजाचा मुलगा पसंत करून येते. नारद सांगतात, मुलगा गुणी आहे, पण आजपासून बरोबर एका वर्षाने मरणार. बाप म्हणतो, दुसरा बघ. ती म्हणते, एकदा ठरलं ते ठरलं.

इथपर्यंत वाचून मी आजीला म्हटलं, "आजी, हिला तर तारीखच माहीत होती." आजी म्हणाली, "मग? तारीख माहीत असणाऱ्या बाईला मोजत बसावं लागतं." तशीच ती मोजते. रानातल्या त्या झोपडीत सासू-सासऱ्यांचं करते, नवऱ्याशी हसते-बोलते, आणि मनात दिवस मोजते. कुणाला सांगत नाही. चार दिवस राहिले तेव्हा तीन रात्रींचं व्रत धरते, तेही उभं राहून. चौथ्या दिवशी सत्यवान कुऱ्हाड घेऊन निघतो तेव्हा ती म्हणते, मीही येते. सासरा म्हणतो, ही घरात आल्यापासून हिने काही मागितल्याचं मला आठवत नाही, जाऊ द्या तिला. वर्षभर तिने मागणं जपून ठेवलं होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. लाकूड फोडता फोडता त्याचं डोकं दुखतं, तो तिच्या मांडीवर डोकं ठेवतो, यम येतो, प्राण घेऊन दक्षिणेकडे निघतो. ती मागे जाते. पण ती काय मागते, कोणत्या क्रमाने मागते, हे आपण कीर्तनात घाईने ऐकून सोडून देतो. सावित्री पहिल्यांदा नवऱ्याचा जीव मागत नाही. यमच अट घालतो, त्याचा जीव सोडून काय हवं ते माग. ती रडत बसत नाही. ती म्हणते, सासऱ्यांना दृष्टी दे. दिली. परत जा, दमशील, यम म्हणतो. ती चालतच राहते. सज्जनाबरोबर सात पावलं चालली की मैत्री होते, तर मैत्रीच्या नात्याने बोलते, म्हणते आणि बोलत राहते. दुसरा वर, सासऱ्यांचं राज्य. पुन्हा परत जा. तिसरा, बापाला शंभर मुलगे. चौथा, मला सत्यवानापासून शंभर मुलगे. प्रत्येक वेळी यमाची तीच अट, जीव सोडून. पाचव्या वेळी तिच्या बोलण्यावर खूश झालेला यम अट घालायला विसरतो. ती बरोबर पकडते. या वेळी तू अट घातली नाहीस, म्हणते, आणि आता सत्यवान दे.

कबड्डी खेळणारीला ही चाल लगेच कळते. चढाईला गेलेली शहाणी मुलगी पहिल्याच दमात लोण करायला बघत नाही. एक बोनस, एक हात लागला, परत ये. समोरच्याचा पाय चुकेपर्यंत दम टिकवायचा.

फिजिओ ताईंनी मला जो कागद दिला होता, त्यावरही खरं तर हेच होतं. माझं सगळं लक्ष शेवटच्या ओळीवर, 'खेळ सुरू'. आजीने त्याचे वर करून टाकले. पहिला वर, गुडघा पूर्ण सरळ व्हावा. हा फार महत्त्वाचा असतो, कारण सुरुवातीला सरळ झाला नाही तर पुढे चाल बिघडते. दुसरा, पाय न वाकवता वर उचलता यावा. तिसरा, कुबडी सुटावी. चौथा, अर्ध्या बैठका. मग सायकल. मग साधारण तीन-चार महिन्यांनी, ताईंनी तपासून हो म्हटल्यावर, सरळ रेषेत हळू धावणं. मग उडी मारून मऊ उतरणं, गुडघा आत न झुकता. मग वळणं. शेवटी दोन्ही पायांची तुलना. एका पायावर उडी मारून किती लांब जाते ते मोजतात, आणि दुखरा पाय चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्क्यांवर आला का बघतात. "आज कितवा वर चाललाय गं?" आजी सकाळी विचारायची. शेवटचा वर तोंडाने काढायचा नाही, असा तिचा दंडक होता.

पाचवा महिना संपताना खरी परीक्षा आली. संघाला चढाईची मुलगी कमी पडत होती आणि श्रावणात मोठी स्पर्धा होती. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी स्पर्धेतल्या कामगिरीचं प्रमाणपत्र लागतं. ते प्रमाणपत्र म्हणजे माझ्या घरात एक पगार, धाकट्या बहिणीचं शिक्षण, आणि स्थळाची घाई करणाऱ्यांची तोंडं बंद. मी चालत होते, धावत होते. निरोप आला, "पट्टा बांधून खेळ, फक्त दोन सामने." वडील म्हणाले, "तुला जमेल वाटत असेल तर जा." पट्ट्याने गुडघा आवळलेला वाटतो, आतला कच्चा तुकडा काही पिकत नाही, हे ताईंनी आधीच सांगितलं होतं. उडीच्या मोजणीत माझा उजवा पाय डाव्याच्या सत्तर टक्क्यांवर होता. मी नाही म्हटलं. सांगताना सोपं वाटतं. त्या रात्री मी जेवले नाही. आजी एवढंच म्हणाली, "अजून यमाने अट काढलेली नाही."

त्या स्पर्धेत आमचा संघ तिसरा आला. मुलींना प्रमाणपत्रं मिळाली, मला नाही. कार्तिकात नऊ महिने भरले, मोजणी झाली, ब्याण्णव टक्के. त्यानंतरच्या मोसमात मी खेळले, दोन वर्षं खेळले, गुडघा एकदाही निसटला नाही. आरक्षणातली नोकरी मात्र हुकली ती हुकलीच. याची रुखरुख मला आजही आहे.

आता गोष्टीचा तो भाग, जो कुणी सांगत नाही आणि मला सगळ्यात आवडतो. सत्यवान जागा होतो तेव्हा रात्र झालेली असते. तो थकलेला, गोंधळलेला. सावित्री त्याला घाई करत नाही. म्हणते, बरं वाटत नसेल तर रात्र इथेच काढू, तिकडे वाळलं झाड जळतंय, तिथून विस्तव आणते, सकाळी जाऊ. तो म्हणतो, आई-बाप वाट बघत असतील, निघू. मग ती काय करते? फळांची टोपली झाडाच्या फांदीला अडकवून ठेवते, ती उद्या नेता येईल. कुऱ्हाड स्वतः घेते. त्याचा डावा हात आपल्या डाव्या खांद्यावर घेते, उजव्या हाताने त्याला धरते आणि हळूहळू चालू लागते. यमाला हरवून आलेली बाई, आणि गोष्टीत तिच्या चालण्याची जागा, हात, खांदा सगळं नीट सांगितलेलं आहे. दुखणाईताला आधार द्यायची हीच पद्धत फिजिओ ताई आजही शिकवतात. त्याच्या बाजूला उभं राहायचं, त्याचा हात आपल्या पाठीवरून पलीकडच्या खांद्यावर आणि आपला हात त्याच्या कमरेला. दंडाला धरून ओढायचं नाही. आणि ओझ्यातलं जे उद्यावर टाकता येईल ते झाडाला टांगायचं.

सावित्रीचं नाव घेतलं की आपल्याला नवऱ्यासाठीचा उपास आठवतो. उपास करणाऱ्यांनी जरूर करावा. पण मला ती भेटली ती रात्री वाट काढणारी बाई म्हणून. घरात ऑपरेशन झालेली मुलगी असेल तर तिची आई, बहीण, आजी हेच काम करत असते, म्हणून थोडं कामाचं सांगते. काठी किंवा एकच कुबडी असेल तर ती दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची. आपल्याकडे हमखास उलटं धरतात. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. उकिडवं बसणं सुरुवातीचे महिने बंद, म्हणून संडासासाठी मधे भोक असलेली खुर्ची करून घ्यावी, गावातला सुतार करून देतो. मांडी घालून जेवायला बसण्याची घाई नको. पाण्याची कळशी, ओली फरशी, शेताचा बांध या तिन्हींपासून तिला लांब ठेवा. आणि पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखान्यात न्या. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत फिजिओथेरपीचा विभाग असतो. आठवड्याला जाणं जमत नसेल तर पंधरा दिवसांनी जा, पण पुढचा व्यायाम त्यांना विचारूनच वाढवा.

एक गोष्ट शाळांसाठी. सारखाच खेळ खेळणाऱ्या मुलग्यांपेक्षा मुलींचं हे लिगामेंट जास्त वेळा तुटतं. उडीवरून उतरताना गुडघे आत झुकणं, कंबर-मांडीची ताकद कमी पडणं, लहानपणापासून उड्या-धावण्याचा सराव न मिळणं अशी कारणं सांगतात. खेळाआधी पंधरा-वीस मिनिटं मऊ उतरणं, एका पायावर तोल, बैठका, वळण्याचा सराव असं नेमाने केलं, तर मुलींमधल्या या दुखापती जवळपास निम्म्याने कमी होतात असं अभ्यासांत दिसलं आहे. त्याला ना यंत्र लागतं ना पैसा. माझ्या मुली तक्रार करतात, "बाई, कबड्डी कधी?" मी त्यांना उतरायलाच लावते.

ज्या मावशींनी विचारलं त्यांच्या मुलीचा आता चौथा महिना चालू आहे. वनपर्वाचा खंड मी तिच्याकडे पोहोचवला आहे. सावित्रीची गोष्ट वनपर्वात शेवटाकडे आहे, तुमच्या गावच्या वाचनालयात भाषांतर असेल तर तिथे शोधा. पुढच्या बुधवारी याच वेळी फिजिओथेरपिस्ट ताई येणार आहेत. गुडघ्याबद्दल, कंबरेबद्दल काही विचारायचं असेल तर गटाच्या वहीत लिहून ठेवा आणि वही केंद्रावर पाठवा.